टेकडीच्या बसची वळणं

कंडक्टरबाई नगराध्यक्ष झाल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते कंडक्टरबाईंनाच. सभागृहात टाळ्या वाजत होत्या, कोणीतरी "या, बसा, बसा" म्हणत होतं, आणि बाई त्या उंच पाठीच्या खुर्चीकडे अशा बघत होत्या, जणू ती कोणाची तरी राखीव जागा आहे आणि तो माणूस पुढच्या थांब्यावर चढणार आहे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना बसवलं होतं. "पुढे सरका, मधे उभे राहू नका, आजींना जागा द्या" हेच त्यांचं बोलणं. स्वतः बसायचं म्हटलं की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं.

तरुणपणी त्या नगरपालिकेच्या बसवर लागल्या. बाईमाणूस कंडक्टर म्हणून लोक सुरुवातीला तिकीट काढण्याऐवजी तोंडाकडेच बघायचे. बाईंनी दोन-चार जणांना भर रस्त्यात खाली उतरवलं, मग सगळे सरळ झाले. त्यांना मिळालेली गाडी टेकडीची. स्टँडवरून निघायचं, सरकारी दवाखाना, मग पूल, मग घाटाचा चढ आणि वर वस्ती. त्या गाडीच्या ड्रायव्हरशी त्यांचं कित्येक महिने फक्त घंटीवर बोलणं झालं. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. पुढे त्याच ड्रायव्हरशी त्यांचं लग्न झालं. संसारातही तो तेवढंच बोलत राहिला म्हणा! निवृत्त झाल्यावर तर त्यानं तोंडाला कुलूपच लावलं, पण जे बोलायचा ते नेमकं वर्मावर बसायचं.

आता एवढी साधी बाई राजकारणात कशाला पडली? ताईसाठी. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच बाईंची वेणी घातली, शाळेत सोडलं, नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा करून दिला. ती टेकडीवरच्या वस्तीत राहायची, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेल्या दोन खोल्यांत, एकटी. एकदा अंगणात तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की दिवसाआड दवाखान्यात येऊन पायाचे व्यायाम करायचे, नाहीतर पाय आखडेल आणि काठीचीसुद्धा चाल राहणार नाही. आणि टेकडीची बस तर आधीच्या नगरपालिकेनं तोट्यात जाते म्हणून बंद केलेली. रिक्षावाले घाट बघूनच हात जोडायचे.

ताईची मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. तिचा फोन यायचा, "मावशी, मुलांना सुट्टी लागली की मी येते आणि आईला घेऊन जाते. ते घर काढून टाकू. तिला तिथे एकटी ठेवून मला इथे घास जात नाही." पोरीचं काही चुकत नव्हतं. पण ताईला विचारलं तर ती म्हणायची, "मी तिच्या सहाव्या मजल्यावर बसून काय करू? लिफ्टची उघडझाप बघू? मला इथून हलवलंत ना, तर मी महिन्याभरात जाईन, लिहून ठेव." आणि ताई उगाच बोलणारी नव्हती. म्हणून निवडणूक आली तेव्हा कंडक्टरबाई अपक्ष उभ्या राहिल्या. प्रचारात एकच वाक्य: टेकडीची बस परत आणणार.

त्या निवडून आल्या, आणि निकाल असा लागला की गावानं डोक्याला हात लावला. कोणालाच बहुमत नाही. तीन पक्षांनी मोट बांधली, तरी एक मत कमी पडत होतं, आणि ते मत होतं कंडक्टरबाईंचं. या तीन पक्षांची तीन डोकी. पहिले वकीलसाहेब, जुन्या पक्षाचे, कोट घातल्याशिवाय दारात दूधसुद्धा घेणार नाहीत असे. दुसरे गिरणीवाले, कामगारांच्या पक्षाचे, आवाज इतका मोठा की त्यांना माइक देणं म्हणजे लोकांचा छळ. तिसऱ्या मॅडम, कॉलेजात शिकवायच्या, नव्या पक्षाच्या, बोलणं गोड आणि नजर कात्रीसारखी. निवडणुकीत तिघांनी एकमेकांचं जे जे काढलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. आता तेच तिघं एका सतरंजीवर बसणार होते.

अध्यक्ष कोण, यावर घोडं अडलं. वकीलसाहेबांना गिरणीवाले चालेनात, गिरणीवाल्यांना मॅडम चालेनात, मॅडमना दोघेही चालेनात. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणालं, "कंडक्टरबाईंना करा." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांच्याही मनात एकच आलं, की ही बाई आपल्या ऐकण्यातली राहील. ठरलं! करार झाला की कुठलाही विषय सभेपुढे आणायचा तर त्यावर तिघांच्याही सह्या हव्यात. बाईंनी आपली एकच अट घातली, टेकडीची बस. तिघं एका सुरात म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं!" 

त्यात काय एवढं, ते बाईंना पुढे कळलं.

पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडला, की बैठक कुठे घ्यायची. वकीलसाहेबांच्या कार्यालयात घ्यावी, तर गिरणीवाले म्हणणार, आम्ही त्यांच्या पायऱ्या चढायच्या का? अध्यक्षांच्या दालनात घ्यावी, तर बाईंच्या उजव्या हाताला कोण बसणार? बाईंनी टेबलच काढून टाकलं आणि खुर्च्या गोल मांडल्या. मग वाद निघाला, की पंख्याखालची खुर्ची कोणाची. बाईंनी पंखा बंद केला. तिघं घामाघूम होऊन बसले, पण बसले.

फोनची तर वेगळीच तऱ्हा. कुठलीही गोष्ट आपल्याला आधी कळली पाहिजे, असा प्रत्येकाचा हट्ट. म्हणून बाई तिघांनाही सांगायच्या, "साहेब, पहिला फोन तुम्हालाच हं." "मॅडम, अजून कोणाला बोलले नाही." बरेच दिवस हे खपलं. मग एकदा चहाच्या वेळी तिघं सहज गप्पा मारत असताना ताळा जुळला आणि बाई रंगेहाथ पकडल्या गेल्या. वकीलसाहेबांचा चेहरा पडला. गिरणीवाल्यांनी कप आपटला. बाई आधी लाजल्या आणि मग उसळल्या, "मग काय करू? तीन फोन एकदम लावायला मला तीन तोंडं आहेत का? असती तर तुमच्यापैकी एकेकाला एकेक देऊन मी घरी झोपले असते!" मॅडमना हसू आवरेना. मग बाकीचे दोघंही हसले. त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा वाटलं, की ही माणसं काही अगदीच वाईट नाहीत. फक्त एकमेकांना घाबरतात. आपण नमलो असं दिसलं तर आपलीच माणसं आपल्याला फाडून खातील, ही धास्ती तिघांच्याही पाठीवर बसलेली.

बसचा ठराव बाईंनी पुढे सरकवला. वकीलसाहेब म्हणाले, "जरूर. सही करतो. फक्त गाडी पुलाकडे जाताना कोर्टाच्या गल्लीतून न्या. जरासं वळण आहे. आमच्या लोकांनाही वाटलं पाहिजे ना, आपल्याला काही मिळालं." बाईंना पटलं. गिरणीवाल्यांनी हे ऐकलं आणि गाडी कामगार वसाहतीला वळसा घालून जावी असं सुचवलं. तेही जरासंच. मॅडमनी कॉलेजचं फाटक सांगितलं. मुलींची सोय होईल, हे त्यांचं म्हणणं खरंही होतं. आणि आता खरी गोष्ट सांगायची, तर बाईंच्या स्वतःच्या वॉर्डातल्या बायकाही मागे लागल्या होत्या. तुम्ही अध्यक्ष आणि आमच्या दारात बस नाही, हे काय शोभतं का? बाईंनी हळूच आपल्या गल्लीचाही एक थांबा घालून टाकला. ज्या बाईनं उभा जन्म याच मार्गावर घंटी वाजवली, तिला ही सगळी जराशी वळणं एकत्र दिसली नाहीत. अहो, तीन सह्यांच्या आनंदात दिसणार कशी?

ठराव एकमतानं मंजूर झाला. नव्या नगरपालिकेचा पहिला एकमताचा ठराव! तिघांनी हातात हात घालून फोटो काढला. वर्तमानपत्रात बातमी आली. बाईंनी ताईला फोन करून सांगितलं, "सोमवारपासून तुझी गाडी सुरू. पायात चप्पल घालून तयार राहा."

सोमवारी ताई पहिल्या फेरीला वस्तीतून बसली. घाट उतरला, पूल आला, समोर दवाखान्याची पांढरी भिंत दिसायला लागली, आणि गाडी वळली. बाईंची गल्ली झाली, कॉलेज झालं, वसाहत झाली, कोर्टाच्या गल्लीत एका उभ्या टेम्पोसाठी ती अडकून राहिली, मग पुन्हा मोठा रस्ता. ताई दवाखान्यात पोचली, तेव्हा व्यायामाच्या खोलीचं दार बंद होऊन तिथली नर्स हात पुसत बाहेर आली होती. बाई थांब्यावर बहिणीची वाट बघत उभ्या होत्या. ताई उतरली, काठी टेकली आणि म्हणाली, "तू सगळ्यांना खूश केलंस गं. मला मात्र गावभर फिरवून आणलंस."

त्या संध्याकाळी घरी बाईंनी ड्रायव्हरला सगळा मार्ग हातवारे करून सांगितला. तो भाजी निवडत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ही बस नाही. ही पोस्टमनची फेरी आहे." आणि परत भाजी निवडायला लागला.

वस्तीतले लोक दोन-चार दिवस गाडीत बसले आणि मग पुन्हा पायी जायला लागले. चालत गेलं तरी लवकर पोचतंय, तर हवं कशाला? विरोधी पक्षानं सभेत विचारलं, की पर्यटन बस सुरू केल्याबद्दल अध्यक्षांचा सत्कार कधी करायचा? बस खात्याचा अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं दबक्या आवाजात सांगितलं की गाडी चाचणीवर आहे, उन्हाळा संपेपर्यंत अशीच रिकामी धावली तर ती बंद करावी लागेल. तिकडून भाचीचा फोन आला, मुलांच्या परीक्षा संपत आल्या होत्या. ताईनं तर दोन पातेली शेजारणीला देऊनही टाकली. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांना रडूच फुटलं. ज्या बहिणीनं आपल्याला वाढवलं तिला आपण हातानं घराबाहेर काढतोय, असं त्यांना वाटायला लागलं.

त्यांनी तिघांना वेगवेगळं गाठलं. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मला पटतंय. पण आधी वसाहतीचं वळण काढा, मग माझ्याकडे या." गिरणीवाले म्हणाले, "कोर्टाची गल्ली आधी! आमचा कामगार काय रस्त्यावर पडलाय?" मॅडम म्हणाल्या, "दोघांनी काढलं तर मी एका पायावर तयार आहे. एकटी काढणार नाही, माझे लोक मला दारात उभं करणार नाहीत." झालं! तिघांनाही पटलेलं, आणि तिघंही जागच्या जागी. वर वकीलसाहेबांच्या माणसांनी कुजबुज सुरू केली, की थांब्याला हात लावलात तर पाठिंब्याचा विचार करावा लागेल. बाई घरी येऊन म्हणाल्या, "मी राजीनामा देते. माझ्याच्यानं होत नाही." ड्रायव्हरनं विचारलं, "मग बस कोण सरळ करेल?" बाई चरफडत उठल्या आणि भांडी घासायला लागल्या.

पुढची बैठक ठरवायची होती आणि पुन्हा तेच सुरू झालं. दालनात नको, मागच्या वेळी तिथे झाली. वकिलांकडे नको. मॅडमच्या घरी नको. बाईंच्या डोक्याची शीर उठली. त्या ओरडल्या, "मग बसमध्ये बसा! ती तरी कोणाच्या बापाची नाही!" रागाच्या भरात गेलं तोंडातून. पण मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझी हरकत नाही." आता मॅडमची हरकत नाही म्हटल्यावर बाकीचे दोघं हरकत घेऊन पळपुटे थोडेच ठरणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं स्टँडवरून टेकडीच्या बसमध्ये चढले. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. तिघं तीन वेगवेगळ्या खिडक्यांना बसले. बाईंना काही बसवेना, त्या दाराजवळ दांडा धरून उभ्या राहिल्या.

कोर्टाच्या गल्लीत काळ्या कोटातले दोन वकील चढले. आत वकीलसाहेब दिसताच त्यांनी अदबीनं नमस्कार केला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उतरून गेले. गिरणीवाले मोठ्यांदा खोकले. पण त्यांची वसाहत आली, तेव्हा तिथे त्यांच्याच पक्षाचा एक माणूस सायकल धरून उभा. त्यानं "नमस्कार भाऊ!" म्हणून हात हलवला. "चढ की रे," गिरणीवाले खिडकीतून गरजले. "कशाला भाऊ? सायकल आहे ना," तो म्हणाला आणि पायडल मारत गाडीच्या पुढे निघून गेला. कॉलेजच्या फाटकाशी एक कुत्रं उठून उभं राहिलं. मॅडम आपल्या पर्समध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

मग बाईंची गल्ली आली. तिथे माणसं होती. बाईंची शेजारीण पिशव्या सावरत चढली, पाठोपाठ आणखी तिघी. शेजारणीनं बाईंचा हात धरला. "काय सांगू, पायांची दुखणी घेऊन त्या मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं म्हणजे जीव जायचा. तुम्ही दारात गाडी आणलीत. तुमचं भलं होईल." एवढ्या सगळ्या फिरण्यात खरोखर चढलेली माणसं त्यांच्या थांब्यावरची. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या बायका बाजारापाशी उतरल्या, आणि पुढे घाट चढताना गाडी पुन्हा रिकामी होती.

वस्तीत गाडी थांबली. खाली एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन दवाखान्याला निघाले होते. गिरणीवाल्यांनी त्यांना आपुलकीनं बोलावलं, "काका, या, बसा." काकांनी खिडकीतल्या तीन पुढाऱ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. "तुम्ही हिंडून या," ते म्हणाले. "मला औषध आणायचंय." आणि ते घाट उतरायला लागले. त्यांचा तोल जात होता, दर थोड्या वेळानं ते कठड्याला हात लावत होते. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

परतीला गाडीनं पूल ओलांडला तेव्हा बाई म्हणाल्या, "मी माझ्या गल्लीचा थांबा काढतेय."

"अहो, तिथेच तर माणसं चढली," मॅडम म्हणाल्या. "काढायचेच तर आधी आमचे काढायला हवेत."

"तुमचे रिकामे आहेत. ते काढले तर मी काय सोडलं? आणि माझा ठेवून तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? ही गाडी ज्यांच्यासाठी काढली ते कठडे धरून चालतायत. माझ्या बायकांना मी दुसरं काहीतरी बघेन. त्या मला शिव्या घालतील, पुढच्या वेळी मतं देणार नाहीत. नाही तर नाही!" बाई दाराबाहेर बघायला लागल्या. "माझ्या बहिणीनं पातेली वाटायला काढलीत हो."

मॅडम उठून बाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "कॉलेजचा काढा," त्या म्हणाल्या. "मुली तशाही मैत्रिणींबरोबर चालत येतात." गिरणीवाले खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "त्या सायकलवाल्याला मी बघून घेतो. काढा आमचापण." तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत हळू काढलेला आवाज असावा. मग सगळे वकीलसाहेबांकडे बघायला लागले. वकीलसाहेब म्हणाले, "विषय सभेपुढे आणायला सही देतो. मतदानाचं मला विचारू नका. मी आमच्या लोकांना शब्द दिलाय."

सभेच्या दिवशी बाईंना घास गेला नाही. वकीलसाहेबांच्या लोकांनी हात वर केले नाहीत तर ठराव पडणार, आणि सत्ताधाऱ्यांचाच ठराव पडला तर खुर्चीही जाणार आणि बसही. विरोधी पक्षाचे लोक तर बाह्या सरसावून बसले होते. ठराव वाचून झाला. वकीलसाहेबांची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. आता साहेब काय खूण करतात?

साहेब एकदम उठले. "हॅलो? हॅलो! जरा महत्त्वाचा फोन आहे," असं म्हणत, कानाला हात लावून, ते लगबगीनं सभागृहाबाहेर गेले. फोन टेबलावरच होता. कानाला लावलं होतं ते चष्म्याचं घर.

सगळ्यांनी पाहिलं. विरोधी पक्षानंही पाहिलं. आणि एवढ्या मोठ्या सभागृहात कोणी हसलं नाही. गिरणीवाल्यांनी आपलं हसू दाबायला तोंडात रुमाल धरला होता, पण तेही गप्प राहिले. साहेबांच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. नकार द्या असं काही साहेब सांगून गेले नव्हते. घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्या एका सभासदानं हळूच हात वर केला. मग दुसऱ्यानं, मग बाकीच्यांनी. बाईंनी मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते आणि अध्यक्षांनी सभेत रडायचं नसतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं होतं.

संध्याकाळी वकीलसाहेबांनी पत्रकारांना ठणकावून सांगितलं की या ठरावाला आपला तत्त्वतः विरोध होता. गिरणीवाले भडकून बाईंकडे आले. "ऐकलंत का? सही स्वतःची, आणि वर विरोध!" बाई म्हणाल्या, "म्हणू द्या हो. त्यांनाही घरी जायचंय. आणि उद्या तुम्हाला कधी असा फोन आला, तर तुमच्याही वेळी आम्ही गप्प बसू." गिरणीवाल्यांनी विचारलं, चहा आहे का? पुढे त्या आघाडीत भांडणं थांबली असं नाही, पण एखादा विषय फारच चिघळला की कोणीतरी बसमध्ये बैठक घेऊ या म्हणायचं आणि निम्मं भांडण तिथेच मिटायचं. वकीलसाहेबही यायचे. कोट घालून.

शेजारणीनं मात्र बाईंशी बोलणं सोडलं. समोरासमोर आली की ती मान वळवायची. बाईंनी बाजाराच्या गाडीचा मार्ग गल्लीच्या तोंडापर्यंत आणायचा विषय काढला होता, तिघांच्या सह्यांसाठी तो फिरत होता, पण तेवढ्यानं ती थोडीच बोलणार होती? बाईंना ते लागायचं. इतक्या वर्षांचा शेजार होता.

टेकडीची गाडी सरळ झाली आणि वस्तीतले लोक एकेक करत परत आले. ताई दिवसाआड यायला लागली. सुरुवातीला बाई स्वतः तिला उतरवून घ्यायच्या, एका हातात तिचा दंड, दुसऱ्या हातात काठी. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ताई दर पायरीवर थांबायची आणि डॉक्टरांच्या सात पिढ्या काढायची. नंतर बाईंना बैठका, दौरे. कित्येक आठवडे जाणं जमलं नाही. ताई फोनवर विचारल्यावर एवढंच सांगायची, "चाललंय."

मग भाची आली. ठरल्याप्रमाणे सुट्टीत, आईला न्यायला. चार दिवस वर वस्तीत राहिली आणि पाचव्या दिवशी तिचा फोन आला, "मावशी, आज आम्ही सकाळच्या गाडीनं खाली येतोय. दवाखान्याशी भेट." एवढंच. सामान बांधलं का, घराचं काय ठरलं, हे विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. त्या सभा सोडून थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. येताना त्यांनी मनाला समजावलं, की पोरीचा हक्क आहे, आपण काय बोलणार.

गाडी आली ती खच्चून भरलेली. बाईंनी खिडक्यांमधून बघितलं. बसलेल्यांत ताई नव्हती. पुढच्या बाकांवर नाही, मागच्यांवर नाही. पहाटेच्या गाडीनं परस्पर स्टेशनवर गेल्या की काय? आपल्याला निरोप घेववणार नाही म्हणून फोनवर खोटं सांगितलं?

दार उघडलं, आणि दारातच ताई उभी. एका हातानं वरचा दांडा धरून, काठी काखेत मारून.

"अगं! कोणी जागा दिली नाही तुला?" बाई किंचाळल्याच.

"दिली ना. एका पोटुशी पोरीनं उठून दिली. तिला म्हटलं, तू बस गं बाई. मी काय म्हातारी आहे?" ताई खाली उतरली. पाठोपाठ भाची उतरली, खांद्याला एकच बॅग, तिची स्वतःची.

"घाटापासून उभी आहे मावशी," भाची म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, पण ती हसत होती. "मी विचारलं, येतेस ना? तर म्हणते, मंगळवारी माझा व्यायाम आहे. आता मी काय बोलू हिला? मी एकटीच निघालेय संध्याकाळच्या गाडीनं."

बाईंनी सवयीनं ताईच्या दंडाखाली हात घालायला पुढे केला. ताईनं त्या हाताकडे पाहिलं, त्यात आपली काठी ठेवली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत निघून गेली.